देवघरात तुमचा खडा

यशवंतपूर, बेंगळूर
२९ ऑक्टोबर १९९६

तीर्थरूप म्हणावं इतके तुम्ही मोठे नाही आणि चिरंजीव म्हणावं इतके लहान नाही, तेव्हा माझे एकुलते एक मेहुणे श्री. दामोदरराव यांस विद्याधरचा मनापासून नमस्कार. मिरजेला वहिनी कशा आहेत? त्यांचे गुडघे काय म्हणतात? आणि तुमची प्रकृती? (हा प्रश्न मी रीत म्हणून विचारत नाही. या पत्रात तुमच्या प्रकृतीला, त्यातही कमरेच्या डाव्या बाजूला, फार महत्त्व आहे.) पाणी भरपूर पिता ना? आम्ही दोघं इथे मजेत आहोत. प्रेमा सध्या माझ्याशी बोलत नाही, पण तुमच्या बहिणीच्या बाबतीत हे खुशालीतच मोडतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

गेल्या मे महिन्यात तुम्ही आमच्याकडे आला होता आणि भर दुपारी, आमरसाच्या वाटीवरून उठून, न्हाणीघरात जो आकांत मांडलात तो तुम्हाला आठवत असेलच. गल्लीला तर चांगलाच आठवतो. (समोरचा इस्त्रीवाला इस्त्री तशीच शर्टावर सोडून मदतीला धावला. तो शर्ट माझा होता.) अखेर मूतखडा पडला. तुम्ही घामाघूम होऊन बाहेर आलात आणि तो ज्वारीच्या दाण्याएवढा ऐवज माझ्या हातात देऊन म्हणालात, फेकून द्या. दामोदरराव, मी तो फेकला नाही. जन्मभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलेल्या माणसाच्या हातात असली वस्तू ठेवायची आणि वर ती फेकायला सांगायची, यात चूक तुमचीच आहे. होमिओपॅथीच्या एका रिकाम्या बाटलीत मी ती जपून ठेवली.

निवृत्तीनंतर माझा काय उद्योग चालतो हे तुम्हाला अर्धवट ठाऊक आहे. कॉलेजने भंगारात काढलेला सूक्ष्मदर्शक मी घरी आणला आणि त्यावर कॅमेरा बसवून फोटो काढतो, इथपर्यंत तुम्ही ऐकलं आहे आणि ऐकताना जांभईही दिली आहे. पण खरी गंमत प्रकाशाची आहे. तुमच्या शंतनूने अमेरिकेहून मला एक भारी गॉगल पाठवला होता. तो फुटला असं मी कळवलं, ते खरंच आहे, फक्त मी तो मुद्दाम फोडला एवढं लिहायचं राहिलं. त्याच्या काचा साध्या नव्हत्या, प्रकाशाच्या लहरींना एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या होत्या. एक काच नमुन्याच्या खाली ठेवायची, एक वर. वरची हलकेच फिरवत नेली की उजेड विझत विझत सगळं काळंकुट्ट होतं, आणि त्या काळोखात फक्त स्फटिक तेवढे पेटतात. निळे, केशरी, मोरपंखी. रंग कोणी घातलेला नसतो. उजेड स्फटिकातून वाट काढताना आपोआप रंगीत होऊन बाहेर पडतो. पहिल्यांदा लिंबूसत असं पाहिलं तेव्हा मी कितीतरी वेळ कोणाशी बोललो नाही. (प्रेमाला वाटलं, मला अर्धांग झाला.) तेव्हापासून घरातली कुठलीही विरघळणारी वस्तू माझ्या तावडीतून सुटलेली नाही. तुरटी झाली, डोकेदुखीच्या गोळ्या झाल्या, प्रेमाची सुगंधी आंघोळीची पूड झाली. सारही एकदा सुकवून पाहिलं, पण त्यात मोहरी आली.

या कलेचा इथला पहिला शत्रू म्हणजे फोटो स्टुडिओचा बसवंत. माझा पहिला रोल त्याने धुतला आणि एकही फोटो न छापता परत केला. कॅमेऱ्यात पाणी गेलंय म्हणाला. दुसऱ्या खेपेला त्याला एक चित्र कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं तेच कळेना, म्हणून त्याने फिल्म अंदाजाने कापली आणि माझी तुरटी मधोमध दुभंगली. तिसऱ्या खेपेला मी रोलच्या सुरुवातीला स्वतःचा फोटो काढला, म्हणजे त्याला मापाचा अंदाज यावा. त्याने माझ्याच फोटोच्या डझनभर प्रती काढून दिल्या आणि बाकीचं सगळं खराब आलंय म्हणून सांगितलं. आता मी त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसतो. तो मला सर म्हणतो, पण आवाजात दया असते.

तर या वर्षी ऑगस्टमध्ये तुमच्या खड्याची पाळी आली. त्यातली कणभर पूड खरवडून मी सोड्याच्या गरम पाण्यात विरघळवली, वर व्हिनेगरचा थेंब सोडला आणि काचपट्टीवर सुकू दिली. दामोदरराव, मी अतिशयोक्ती करणारा माणूस नाही. जे मी पाहिलं तसं पुन्हा काही पाहिलेलं नाही. मधोमध पाकळ्यापाकळ्यांचं सोनेरी कमळ, भोवती निळी प्रभावळ, आणि कडेला लाल ठिपक्यांची नक्षी. तुमच्या पोटात हे होतं! इतकी वर्षं बँकेत बसून तुम्ही वैतागलेल्या चेहऱ्याने सह्या करत होता आणि आत हे कारागिरीचं काम चाललं होतं. मी त्याचा मोठा फोटो करून घेतला, चौकट लावली आणि प्रेमाला एवढंच सांगितलं की ही तुझ्या माहेरची वस्तू आहे. ती फार खूश झाली.

आता नवरात्र. इथली जुनी मराठी घरंसुद्धा दसऱ्यात गोंबे हब्ब करतात हे तुम्ही पाहिलेलं आहे. पायऱ्यांवर बाहुल्या मांडायच्या, संध्याकाळी बायकांना हळदीकुंकवाला बोलवायचं आणि दरवर्षी एका तरी नव्या बाहुलीची भर घालायचीच, असा नियम. या वर्षीची नवी बाहुली, मातीची वीणावादिनी, रिक्षातून येताना मानेपासून वेगळी झाली. प्रेमा रडकुंडीला आली. मी (मदत करायच्या हेतूने, हे लक्षात ठेवा) म्हणालो, नवी वस्तूच हवी ना, मग हे चित्र ठेव. तिने ते सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवलं. माझा एक नियम तुम्हाला माहीत आहे: पदार्थाचं नाव, किती पटीने मोठा, कसल्या प्रकाशात, हे लिहिल्याशिवाय माझं चित्र चारचौघांत जात नाही. जे आहे ते सांगावं, मग कोणाला आवडो न आवडो. मी चिठ्ठी लिहिलीही होती. प्रेमाने न वाचताच ती काढली. म्हणाली, देवांपुढे पाट्या लावायला हे तुमचं कॉलेज नाही.

त्या संध्याकाळी शेजारच्या हेमावतीबाई आल्या. त्यांचे यजमान मोहनकुमार यशवंतपूरच्या बाजारात गुळाचे मोठे व्यापारी. चार पिढ्यांपूर्वी त्यांचं घराणं आपल्याकडून इकडे आलं. मोहनकुमार आणि मी रोज सकाळी फिरायला जातो, आणि माझी चित्रं जांभई न देता पाहणारा तो या शहरातला एकमेव माणूस आहे. हेमावतीबाईंनी कुंकू लावून घेतलं, मान वर केली आणि चित्रापुढे थबकल्या. त्यांना कमळात बसलेली लक्ष्मी दिसली. हात जोडून त्यांनी डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्याच क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. पण त्यांचं रडणं कशासाठी होतं हे मला ठाऊक होतं, म्हणून उघडलं नाही. मोहनकुमारलाही मूतखडा आहे, दामोदरराव. तुमच्यासारखा ज्वारीचा दाणा नव्हे, चांगला सुपारीएवढा, आणि तो अडकून बसलाय. दिवाळीच्या आत ऑपरेशन केलं नाही तर मूत्रपिंड जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. दुसरं आधीच नावापुरतं आहे. आणि हा बाबा ऑपरेशनला तयार नाही. हुलग्याचं पाणी पितो, केळीच्या गाभ्याचा रस पितो, फिरताना मधेच कठड्याला धरून उभा राहतो आणि मला म्हणतो, चप्पल टोचतीय.

दसऱ्याला हेमावतीबाईंनी ते चित्र मागून नेलं. प्रेमाने माहेरची वस्तू म्हणून थोडे आढेवेढे घेतले, पण दिलं. दुसऱ्या दिवशी गेलो तर तुमचा खडा त्यांच्या देवघरात, चांदीच्या समईशेजारी, कपाळाच्या जागी कुंकू लावलेला, शेवंतीचा हार घातलेला! गल्लीतल्या बायका दर्शनाला येऊ लागल्या. इथपर्यंत मी सोसलं असतं. (कोणाच्या श्रद्धेत नाक खुपसायला मला आवडत नाही, आणि खोटं कशाला बोलू, चित्राचं इतकं कौतुक आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं.) पण शनिवारी फिरताना मोहनकुमार प्रसन्न चेहऱ्याने म्हणाला, "सर, आता देवीच घरात आलीय की. खडा विरगळतोय बगा. डाक्टरला नाही म्हणून सांगितलं." माझं चित्र माझ्या मित्राचा जीव घ्यायला निघालं होतं.

म्हणून परवा रविवारी मी सूक्ष्मदर्शक पिशवीत घातला, तुमची बाटली खिशात घातली आणि त्यांच्याकडे गेलो. वाटेत (वाट म्हणजे आमच्या दोन घरांमधलं फाटक) मी तीनदा परत फिरलो. एकदा तर घरात येऊन पाणी पिऊन गेलो. शेवटी त्यांच्या सोप्यावर बसून सगळं सांगितलं: ही लक्ष्मी नाही, हा माझ्या मेहुण्याचा मूतखडा आहे, ही त्याची बाटली, हवं तर पाहा. हेमावतीबाईंनी बाटली उजेडात धरून पाहिली. मग म्हणाल्या, "अण्णा, मंजे मी रोज ऊद घालून आरती केली, ते तुमच्या मेवण्याच्या खड्याची की?" आणि आत निघून गेल्या. त्यांच्या मागोमाग प्रेमाही (ती आमचं बोलणं फाटकातून ऐकत होती) तोंड फिरवून गेली. माहेरच्या वस्तूचा उलगडा तिला तेव्हाच झाला.

मोहनकुमार मात्र जागचा हलला नाही. त्याने बाटलीतला उरलेला खडा तळहातावर घेतला, बोटाने फिरवला. मी काचपट्टी लावून दिली. त्याने डोळा लावला आणि मी वरची काच सावकाश फिरवत गेलो. काळोख झाला, मग कमळ पेटलं. किती तरी वेळ तो पाहत राहिला. मी त्याच्या मानेकडे पाहत होतो. या उन्हाळ्यापासून ती किती बारीक झाली आहे, हे मला तेव्हा जाणवलं. मला या माणसाशिवाय इथे सकाळ काढता येणार नाही, हेही. मग तो डोळा न काढता म्हणाला, माझ्या आतपण असंच आहे? मी म्हणालो, याहून मोठं असणार, पण बाहेर काढल्याशिवाय कसं पाहायचं? तो हसला. डॉक्टरांना फोन करतो म्हणाला आणि केलाही. सात नोव्हेंबर ही तारीख ठरली आहे. तेव्हा सगळं सुरळीत झालं म्हणायचं. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पाणी पीत जा.

आपला,
विद्याधर

ता. क. : सगळं सुरळीत झालं हे तितकंसं खरं नाही. संध्याकाळी मोहनकुमारने मला फाटकाशी बोलावून एकच विचारलं: ज्याचा हा खडा, तो माणूस जिवंत आहे का? मी म्हणालो, ठणठणीत आहे. त्याचा विश्वास बसेना. तुम्ही समोर येऊन उभे राहिलात, दवाखान्यात त्याच्याबरोबर आत दारापर्यंत गेलात, तरच तो जाणार. त्यासाठीच हे पत्र आहे. सहा तारखेच्या आत या. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही नाही म्हणाला असता. मिरजेच्या बसने आलात तर यशवंतपूरलाच उतरा, मी येऊन थांबतो.

दुसरा ता. क. : हेमावतीबाईंनी चित्र परत केलेलं नाही. देवघरातून काढून बैठकीत लावलंय आणि खाली माझी ती काढलेली चिठ्ठी मागून घेऊन डकवली आहे, तुमच्या नावागावासकट. तुम्ही आलात की त्या तुम्हाला ओवाळणार आहेत. कृपा करून पाय मागे घेऊ नका.

तिसरा ता. क. : जे आहे ते सांगावं, हा माझा नियम वर लिहिला आहे तो चित्रांपुरता समजावा. त्या दिवशी मोहनकुमार बाजारात होता, त्याने तुमचं ओरडणं ऐकलेलं नाही. गल्लीला मी गप्प बसवलं आहे, आणि इस्त्रीवाल्याला आणखी एक शर्ट दिला आहे. तुम्ही ते दुखणं हसत हसत सोसलंत असं मी सांगून बसलोय. तो तुमचा हात धरून नक्की विचारेल, फार दुखतं का. इथे थोडंसं म्हणायला स्वल्प म्हणतात. दामोदरराव, पाया पडतो, त्याच्या डोळ्यांत बघा आणि म्हणा, स्वल्प.