न जळलेले बूट

प्रिय आई,

काल फोनवर तू इतकी खुशीत होतीस की सांगायचं होतं ते मी सांगितलंच नाही. रविवारच्या कार्यक्रमाला क्लबने तुला खास बोलावलंय, घ्यायला गाडी येणार, हे म्हणे तुझं अख्ख्या गल्लीला सांगून झालंय. वर केस काळे करू की नको, हा सवाल. करू नकोस. आणि हे पत्र गॅस बंद करून, नीट बसून वाच.

इकडे बरं चाललंय. फुटबॉल खेळून पोट भरतं यावर माझा अजून विश्वास बसत नाही. आम्हा बावीसजणींना दर महिन्याला पगार मिळतो. आमची गोलकीपर पहाटे घरोघर पाव टाकायची आणि सरावात उभ्या उभ्या डुलक्या काढायची, ती आता नुसती खेळते. गुडघे बघायला डॉक्टरीणबाई आहेत, अंघोळीला गरम पाणी आहे. हे सगळं क्लबच्या थोरल्या बाईंमुळे. आणखी चौघींना बरोबर घेऊन त्यांनी क्लबमध्ये पैसे घातले. नफा झालाच तर तो मुलींच्या खेळावरच लावायचा, या बोलीवर. देणगी म्हटलं की त्या रागावतात, गुंतवणूक म्हणायचं. लहानपणी त्यांना टेनिस खेळायचं होतं, पण त्यांच्या आईने रॅकेट मोडून टाकली. बाई मनाने फार चांगल्या आहेत गं. वाईट असत्या तर माझं काम सोपं झालं असतं.

तीन वर्षांपूर्वी त्या पहिल्यांदा आल्या, तेव्हा जुन्या खोलीत आम्हाला ओळीने बसवून एकेकीला विचारलं, घरून विरोध कुणाचा होता. गोलकीपर म्हणाली, कुणाचाच नाही. बाई नुसत्या हसल्या आणि माझ्याकडे वळल्या. त्यांना विरोधाचीच गोष्ट हवी होती, हे माझ्या लक्षात आलं. वाटलं, हातातोंडाशी आलेलं आता जातंय. आणि मी बोलून गेले, की आईने माझे बूट शेगडीत घातले.

हो, हे खोटं तुझ्या माथी मारलं मी. तू, जिने दप्तरांच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी मोडून माझ्या त्याच बुटांचे तळवे मशीनवर शिवून दिले. दोनदा. दुसऱ्यांदा मुकादमाची बोलणीही खाल्लीस. जाड निळा दोरा होता. पाय उचलला की मुली त्या निळ्या टाक्यांना हसायच्या, आणि मी घरी येऊन तुझ्यावर चिडायचे.

बाई रडल्या, मला जवळ घेतलं. मला वाटलं, एकदा बोललेलं विरून जाईल. कसलं काय! ती गोष्ट माझ्या मानगुटीवरच बसली. पाहुणे आले की मी सांगायची, ते हळहळणार. कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर जळते बूट रंगवलेत. रोज त्यांच्याच खाली बसून मी नाड्या बांधते. एकदा मनाचा हिय्या करून बाईंच्या दारापर्यंत गेले होते. आत त्या फोनवर कुणाला तरी माझीच गोष्ट सांगत होत्या. आल्या पावली परत फिरले. खरं बोलले तर या बावीसजणींचं काय होईल, आणि नाही बोलले तर तुझं? रात्रंदिवस हेच डोक्यात घोळतं, आणि मार्ग काही दिसत नाही.

इतकी वर्षं गप्प राहून आजच का लिहितेय, ते सांगते. रविवारी नवे गुंतवणूकदार येणार आहेत. बाईंनी ठरवलंय की तुला मंचावर बोलवायचं, तुझ्या हातात नवे बूट द्यायचे आणि तू ते मला घालायला द्यायचे. आईने लेकीची माफी मागितली, असं ते सगळ्यांना दिसेल. तुला कुणी काही सांगितलेलं नाही, कारण त्यांना वाटतं तुला सगळं ठाऊकच आहे. तिथे उभी असताना तुला हे कळलेलं माझ्याने बघवणार नाही. नाही आलीस तर मी काहीतरी कारण सांगेन, आणि लाज वाटते लिहायला, पण मला सुटल्यासारखंही वाटेल. पण आलीस, तर माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतले ते जुने बूट घेऊन ये. तुझ्या हातात ते दिसले, की मला खोटं बोलता येणार नाही.

तुझीच, अजूनही तुझ्या टाक्यांवर उभी असलेली,
भिंगरी