सातव्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती

पुणे, ६ जुलै २०२५

ति. सोमेश्वरमामांस,
अर्पिताचा शि. सा. न. वि. वि.

मोबाइलवर काही विचारलं की तुम्ही नुसता अंगठा पाठवता, म्हणून शेवटी पोस्टाची पायरी चढले. वाचणाऱ्याने गोष्टीतली वाट स्वतःच निवडायची त्या आपल्या 'वाट तुझी' मालेची वेबसाइट जवळजवळ उभी राहिली आहे. चोवीसही पुस्तकांना स्वतंत्र पान दिलंय. मुखपृष्ठ, छापल्याचं वर्ष, प्रत कोणाकडे आहे, आणि खाली त्या पुस्तकाचा नकाशा. दार उघडायचं तर कलम ३१ वर जा, मागे फिरायचं तर ५८ वर, अशा सगळ्या वाटा रेघांनी जोडल्यात. वाचणारा जिथे मरतो तिथे लाल ठिपका. लहानपणी तुम्ही वहीत काढायचात तेच, फक्त इथे बोट लावलं की कलम उघडतं.

अडचण आहे सातव्या पुस्तकाची, 'गढीखालचं भुयार'. तुमच्या प्रतीच्या फोटोंवरून नकाशा काढला तर एकही लाल ठिपका येत नाही. अंबडचे रिजवानभाई, घड्याळं दुरुस्त करतात आणि मालेतली बावीस पुस्तकं बाळगून आहेत, त्यांच्या प्रतीत अकरा ठिपके आहेत. त्यांचं म्हणणं, तुमची प्रत प्रकाशकानेच सुधारलेली दुसरी आवृत्ती आहे आणि तेवढी एकच उरली आहे. ती पहिल्या पानावर मोठी लावायचा त्यांचा आग्रह आहे.

आई जालन्यात मस्तगडच्या दुकानात मजेत आहे. 'भुयारातून एकदाही न मरता बाहेर आलेली पहिली वाचक' म्हणून आपलं नाव साइटवर पाहिजेच, असं तिने बजावलंय.

लोभ आहेच. तो वाढवायचा तर उत्तर लांब लिहा.

तुमची भाची,
अर्पिता

* * *

बदनापूर, १२ जुलै

चि. अर्पिता हिस अनेक आशीर्वाद.

साइट पाहिली. काम चांगलं आहे, पण मालेचा पिवळा रंग हळदीचा होता, तू लिंबाचा घातलास. तेराव्या पुस्तकाचं मुखपृष्ठ दुसऱ्या छपाईचं आहे, पहिल्यात घोडा डावीकडे तोंड करून उभा होता. 'दुर्मीळ' हा शब्द तू नऊ पुस्तकांना लावलास. दुर्मीळ फक्त चार आहेत, यादी मागे लिहिली आहे. या बाबतीत कोणी तुझ्याशी वाद घातला तर बिलकुल ऐकू नकोस, माझ्याकडे पाठव.

सातव्याचं पान तूर्त रिकामं ठेव. तुझ्या आईचं नावही थांबव. घाई कशाची आहे?

जेवणाची हेळसांड करू नये. आमचा लोभ तुला ठाऊक आहेच.

तुझा मामा,
सोमेश्वर

* * *

पुणे, १९ जुलै

ति. मामांस सा. न. वि. वि.

रंग बदलला, घोडा फिरवला. नऊचे चार केले. आता माझा प्रश्न. तुमचे फोटो पडद्यावर मोठे करून पाहिले. सातव्या पुस्तकातल्या अकरा आकड्यांची शाई वेगळी आहे, आणि त्यांच्याभोवती कागदाची बारीक कड दिसते. एका आकड्याशेजारी 'परभ' एवढी अक्षरं आहेत. मामा, गढीखालच्या भुयारात परभणी कुठून आली? रिजवानभाईंना अजून काही बोलले नाही. साइट १५ ऑगस्टला उघडायची असं सगळ्यांना सांगून बसले आहे. मला खरं कळवा.

माया पातळ होऊ देऊ नका.

अर्पिता

* * *

बदनापूर, २४ जुलै

चि. अर्पितास आशीर्वाद.

परभणी एसटीच्या वेळापत्रकातून आली. तुझे आजोबा स्टँडवर कंट्रोलर होते, जुनी वेळापत्रकं घरी रद्दीत यायची.

१९८९ ची गोष्ट. मी तेरा वर्षांचा, तुझी आई नंदा नऊची. जांब समर्थच्या जत्रेतून मी ते पुस्तक आणलं होतं. मी पहिल्याच दाराशी मेलो, ते तिने शेजारी बसून पाहिलं. त्याच महिन्यात आमची आजी, चांगुणाबाई, गेली होती. नंदा दोन दिवस धड जेवली नाही. मेल्यावर माणूस कोणत्या कलमावर जातं, असं विचारत राहिली. मग मी वेळापत्रकातले आकडे ब्लेडने कापले आणि जिथे जिथे मरण होतं तिथल्या आकड्यावर ते खळीने चिकटवून वाट दुसरीकडे वळवली. एका ठिकाणी चूक झाली, कलम ४२ वरून परत ४२ वरच. बिचारी तीन दिवस तेवढ्यातच चालत होती आणि तक्रार करत नव्हती. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं.

पुढे सांगायचं राहून गेलं. तुझे बाबा गेले तेव्हा त्यांचे भाऊ कडूबाभाऊजी म्हणाले, हार्डवेअरचं दुकान बाईमाणसाला झेपणार नाही, देऊन टाका. नंदा सगळ्यांपुढे म्हणाली, मी भुयारात एकदाबी मेले न्हाई, मंग मस्तगडात काय मरते. तेव्हापासून कोणी तिच्या वाटेला गेलं नाही. मी त्या खोलीत खाली मान घालून बसलो होतो. ज्या गोष्टीच्या जोरावर ती उभी राहिली, ती मी खळीने चिकटवलेली आहे. तिला हे कळलं आणि तिचं अवसान गेलं तर काय करू, याची मला फार भीती वाटते.

पण संग्राहक म्हणून चाळीस जणांत माझा शब्द चालतो. रिजवानभाईंनी दुसरी आवृत्ती का असं विचारलं तेव्हा मी मान हलवली, ती चूक माझीच. खोटी आवृत्ती पहिल्या पानावर जाऊ द्यायची नाही. रविवारी जालन्याला जातो आणि नंदाला मीच सांगतो. तोवर तू गप्प राहा.

तुझ्यावरचा लोभ आहे तसाच आहे. माझ्यावरचा तू सांभाळ.

सोमेश्वरमामा

* * *

मस्तगड, जालना, ३१ जुलै

ति. दादास,
नंदाचा सा. न. वि. वि.

रविवारी तू सांगितलंस आणि अर्धा चहा तसाच टाकून गेलास. फोनवर बोलले असते तर भांडले असते, म्हणून लिहिते. दोन दिवस मला तुझा खरंच राग आला. छत्तीस वर्षं लग्नाकार्यात फुशारकी मारून राह्यले आणि तू शेजारी बसून जिलबी खात होतास.

मंगळवारी अर्पिताकडून रिजवानभाईंच्या पुस्तकाचे फोटो मागवले आणि सकाळीच खेळायला बसले. पहिल्या दाराशी मेले. मग विहिरीत पडून मेले, मग साप चावला. दहा वाजेपर्यंत आठ वेळा मेले. मग उठले आणि दुकानाचं शटर वर केलं, कारण राधेश्याम प्लंबर बाहेर येऊन उभा होता.

तेव्हा माझ्या अवसानाची काळजी सोड. दुकानाच्या पहिल्या वर्षात मी किती वेळा हरले ते तुला कोणी सांगितलंच नाही. त्या वाटा काही तू चिकटवून दिल्या नव्हत्या. पण आजी गेली तेव्हा माझ्यासाठी कोणी इतकं बसून कापत होतं, हे मला माहीत नव्हतं. त्याचं रडू आलं, ते लपवत नाही.

साइटवर खरं ते लिहायचं. पहिली वाचक वगैरे काढून टाक म्हणून अर्पिताला सांगितलं. त्याऐवजी लिहायचं, दुसरी आवृत्ती, छापणारा सोमेश्वर, एकच प्रत, नंदासाठी. रिजवानभाईंना मी स्वतः फोन केला. ते खूप हसले, आणि म्हणाले की मंग तर ही अजूनच दुर्मीळ झाली.

एक चूक मात्र तुझ्याकडून अजून होऊन राहिली आहे. साइटवर त्या प्रतीपुढे मालक म्हणून तुझं नाव आहे. राखीला येताना ती घेऊन ये. ती माझी आहे.

राग संपला, लोभ उरला आहे.

तुझी बहीण,
नंदा