ढवळीचं तोंड रस्त्याकडे

सुदामा नगर, इंदूर
१२ जानेवारी १९९७

चि. श्रीपादास दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या सरलावहिनीने तिळगूळ वेगळ्या पार्सलने पाठवला आहे. वाटेत चुरा झाला तर पोस्टाला बोल लाव, तिला नको. निवेदिता उज्जैनला सासरी रुळली आहे. मात्र दर आठवड्याला फोन करून आईचीच जास्त चौकशी करते, बाप जणू भिंतीतली खुंटी.

आता तुझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. तू पुन्हा दोन वर्षं सिंगापूरला निघालास. तिथून आणलेली गाडी पुण्यात झाकून ठेवण्यापेक्षा ती माझ्या दारात उभी करावी आणि मी ढवळी विकून टाकावी, असं तुझं म्हणणं. अरे, ढवळी अप्पासाहेबांनी घेतलेली. आपले वडील मिलमध्ये स्पिनिंग मास्तर होते तेव्हाची. पांढरी म्हणून तिला ढवळी हे नाव तूच दिलंस. देशी गाडी आहे, रुसते कधीकधी, मान्य. पण छावणीतला मिस्त्री पाना घेऊन येतो आणि जागच्या जागी तिची समजूत काढतो. तुझ्या गाडीचं बॉनेट उघडून तो नुसता हात जोडेल. पार्ट लागला तर काय, सिंगापूरला तार करू?

मिल बंद पडून पाच वर्षं झाली. तिच्याबरोबर मिलचा दवाखानाही गेला. तेव्हापासून आपल्या गल्लीत कुणाला अडचण आली की ढवळीच निघते. म्हणून रोज संध्याकाळी तिचं तोंड रस्त्याकडे करून लावतो आणि बॅटरीची वायर काढून ठेवतो. तू हसशील, पण ही अप्पांची शिस्त. मिलमध्ये जिकडेतिकडे कापसाची धूळ, एक ठिणगी पुरे. म्हणून शेवटचा माणूस मेन स्विच पाडल्याशिवाय खात्याबाहेर पडत नसे. अप्पांनी तेच घरच्या गाडीला लावलं. सकाळी उठलो की आधी वायर जोडतो, मग आंघोळ, पूजा, चहा. मिल राहिली नाही, एवढं तरी राहू दे.

हिच्या छातीचं दुखणं तसंच आहे. डॉक्टर दगदग नको म्हणतात, आणि ही हो म्हणून पापड लाटायला बसते.

तिकडच्या घाईत आमची आठवण बाजूला पडू देऊ नकोस.

तुझा दादा


पुणे
२३ जानेवारी १९९७

ती. दादास आणि ती. सौ. वहिनीस श्रीपादचा साष्टांग नमस्कार.

तिळगुळाचा चुरा झाला होता. पोस्टाला बोल लावले आणि चमच्याने खाल्ला.

दादा, इंजिनं तपासण्यात माझा जन्म गेला, म्हणून थोडं ऐक. या गाडीने मला आजवर एकदाही रस्त्यात उतरवलेलं नाही. किल्ली फिरवली की सुरू. तू ढवळीच्या भरवशाची गोष्ट करतोस तेव्हा तारीफ सगळी मिस्त्रीची असते. मिस्त्री चांगला असणं हा गाडीचा गुण कसा रे? ज्या गाडीला मिस्त्री नावाने ओळखतो तिच्यावर मी तरी विसंबणार नाही.

हे सगळं मी वादासाठी लिहीत नाही. मागच्या खेपेला राजवाड्याजवळ ढवळी बंद पडली, आठवतं? तू आणि तो मिस्त्री बॉनेटमध्ये डोकं घालून मजेत बोलत होतात. वहिनी एका कापडाच्या दुकानाच्या पायरीवर उन्हात बसली होती आणि पदराखाली छातीवर हात दाबून धरला होता. मी पाहिलं. तिने मला डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं, म्हणून त्या दिवशी गप्प राहिलो. आई गेली तेव्हा मी सातवीत होतो. त्यानंतर मला न्हाऊमाखू घालून शाळेत पाठवणारी तीच. एखाद्या दिवशी तिला दवाखान्यात न्यायचं आणि गाडी हललीच नाही तर, या विचाराने मला भीती वाटते. खरंच भीती वाटते, दादा.

तेव्हा गाडी ड्रायव्हरबरोबर पाठवतो आहे. वाद हरलो असं समजू नकोस, वहिनीसाठी ठेवून घे.

माझं लहानपण विसरू नका आणि रागावू नका.

आपला श्रीपाद


सुदामा नगर, इंदूर
१६ मार्च १९९७

चि. श्रीपादास अनेक आशीर्वाद.

तुझी गाडी सुखरूप आली. बघायला सगळी गल्ली लोटली. पंढरीनाथ तुला आठवत असेल, आपल्या मिलमध्ये लूमवर होता. आता रिक्षा चालवतो, दोन गल्ल्या सोडून राहतो. त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि ‘भिया, ही तर चलती-फिरती बैठक आहे,’ असा इंदुरी थाटात निकाल दिला. मग स्वतःची रिक्षा लांब नेऊन लावली, शेजारी बरी दिसत नाही म्हणून.

तुझ्या वहिनीची वेगळीच तऱ्हा. आत बसलं की इंजिनाचा आवाज येत नाही, म्हणून प्रत्येक चौकात ती मला विचारते की गाडी चालू आहे ना. मी हो म्हणालो की पुन्हा टेकून बसते. परवा तिला तपासणीला नेऊन आणलं. एरवी घरी आल्यावर ती आडवी व्हायची, या वेळी आल्या आल्या कणीक मळायला घेतली. वाद मी हरलो, हे मी तिच्यासमोर कबूल केलं. तुझ्यासमोर करणार नाही.

ढवळी बेटम्याच्या एका सोयाबीनच्या व्यापाऱ्याला दिली. माणूस बरा वाटला, गाडीसाठी हार आणि नारळ घेऊन आला होता. हिने ढवळीला हळदकुंकू लावलं. मी तोंड धुवायचं निमित्त करून आत गेलो.

एकच बारीक गोष्ट. रेडिओ पहिल्याच सकाळपासून मुका झाला आहे, कसलासा नंबर मागतो. आणि काचेमागे एक लाल दिवा सकाळी मिचमिचत असतो, माझा चहा होईपर्यंत आपोआप विझतो. अपने को काही अडत नाही, सहज लिहिलं. बाकी शिस्त जुनीच. हीसुद्धा तोंड रस्त्याकडे करूनच उभी असते.

तब्येतीला जप. हिचा आणि माझा जीव तुझ्यात आहे.

तुझा दादा


सिंगापूर
६ एप्रिल १९९७

ती. दादास व वहिनीस सा. न.

कामावर रुजू झालो, फार धावपळ आहे, म्हणून थोडक्यात. रेडिओचा नंबर पुण्याच्या कागदांत राहिला. दिवाळीत येईन तेव्हा सुरू करून देतो, तोवर वहिनीला गायला सांग. लाल दिवा चोर-कुलपाचा आहे, त्याचं टेंशन घेऊ नकोस. चोर आला तर गाडी जागची हलणार नाही, इतकाच त्याचा अर्थ.

वहिनी कणीक मळते आहे हे वाचून फार बरं वाटलं. ते पत्र खिशात घेऊन फिरतो आहे.

श्रीपाद


सुदामा नगर, इंदूर
२० ऑगस्ट १९९७

चि. श्रीपादास आशीर्वाद.

तू दहाव्याला आलास, तेराव्यापर्यंत राहिलास. घर माणसांनी भरलेलं होतं आणि तू माझ्यासमोर आलास की आपल्या दोघांनाही बोलणं सुधरत नव्हतं. गाडी सुरू झाली नाही, इतकंच तुला कळलं. बाकीचं आज लिहितो. कुणाला तरी लिहायलाच हवं.

त्या सकाळी दूध यायच्या आधीच हिने मला हाक मारली. घामाने चिंब झाली होती आणि डावा हात धरून बसली होती. मी धावत बाहेर गेलो, बॅटरीची वायर जोडली, हिला धरून आणलं, मागच्या सीटवर निजवलं. गाडीचं तोंड रस्त्याकडेच होतं. किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली, पुन्हा काही नाही. तो लाल दिवा तेवढा मिचमिचत होता. मागून हिने विचारलं की गाडी चालू आहे ना. नेहमीसारखंच विचारलं. मी हो म्हणालो.

मग पंढरीनाथकडे पळालो. तो बनियनवरच रिक्षा घेऊन आला. रिक्षात तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. दवाखान्याचं फाटक दिसायच्या आधीच ते जड झालं. डॉक्टर एवढंच म्हणाले की थोडं आधी आणलं असतं तर.

हिला घरी आणलं. तिरडीला वाट हवी म्हणून गाडी दारातून ढकलून बाजूला घ्यायची होती. पंढरीनाथ आत बसला आणि सहज किल्ली फिरवली, तर पहिल्याच झटक्यात सुरू झाली. त्या गाडीला आवाज नाही म्हणतात. मी आत हिच्याजवळ बसलो होतो, मला तो आवाज ऐकू आला. तेव्हापासून डोक्यात तेच घुमतं आहे. दुपारी सुरू झाली, मग सकाळी का नाही?

तू इंजिनं जाणतोस. तुला समजेल. माझ्या हातून काही चुकलं का? चुकलं असेल तर तेही लिही, मी मोठा आहे म्हणून भीड धरू नकोस. मला खरं काय ते कळायला हवं.

दादा


सिंगापूर
२ सप्टेंबर १९९७

ती. दादास श्रीपादचा साष्टांग नमस्कार.

तुझ्या हातून काहीही चुकलं नाही. हे आधी वाच, मग पुढचं वाच.

दोष गाडीतच होता. मी इथल्या जाणकारांना विचारलं. या गाडीच्या सुरू होण्याच्या यंत्रणेला पावसाळ्यातली दमट हवा सोसत नाही. पहाटे ओल धरते आणि दुपारी हवा तापली की आपोआप चालू होते. असं कधी होईल ते सांगता येत नाही, चांगल्या शिकलेल्या मेकॅनिकलाही कळलं नसतं. तुझ्या जागी मी असतो तरी माझ्या हातून सुरू झाली नसती.

वाद तू जिंकलास, दादा. तुझंच खरं होतं. परदेशी गाडी आपल्या हवेला, आपल्या रस्त्यांना भरवशाची नाही. देशी गाडी रुसते, पण तिचं दुखणं आपल्याला कळतं. मी माझी अक्कल तुझ्या दारात आणून उभी केली. चूक असेल तर ती माझी आहे. गाडीजवळ आता जाऊसुद्धा नकोस, कुणाला तरी देऊन टाक.

वेळेवर जेवत जा. वहिनीने मला सांभाळलं, तसं आता मला तुला सांभाळू दे.

श्रीपाद


सिंगापूर
२ सप्टेंबर १९९७

चि. सौ. निवेदितास काकाचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र मुद्दाम तुझ्या उज्जैनच्या पत्त्यावर पाठवतो आहे. वाचून झालं की फाडून टाक. तुझ्या बाबांना मी आजच लिहिलं आहे की गाडीत दोष होता. बेटा, गाडीत दोष नव्हता. बॅटरीची वायर काढून पुन्हा जोडली की गाडीला वाटतं, कुणी चोरी करतो आहे. मग तिचं चोर-कुलूप काही मिनिटं तिला सुरूच होऊ देत नाही. दादा रोज वायर जोडून आंघोळ-पूजा करायचा, तेवढ्यात कुलूप सुटायचं. त्या सकाळी थांबायला वेळ कुठे होता? वायर जोडलेलीच राहिली, म्हणून दुपारी ती सुरू झाली.

रोज वायर काढतो, हे दादाने मला जानेवारीतच लिहिलं होतं. रेडिओ मुका झाल्याचं आणि दिवा मिचमिचत असल्याचं मार्चमध्ये लिहिलं होतं. मी ते वाचून हसलो आणि वहिनीला गायला सांग म्हणून कळवलं. दादाला काही ठाऊक नव्हतं, मला ठाऊक असायला हवं होतं. हे मला जन्मभर पुरेल. त्याच्या वाट्याला मात्र ते येऊ द्यायचं नाही. ज्या हाताने तो चाळीस वर्षं घर जपत आला, त्याच हाताने असं झालं हे कळलं तर तो उभा राहू शकणार नाही. त्याने माझ्याकडे खरं मागितलं आणि मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा खोटं लिहिलं.

गाडी कुठल्याही मिस्त्रीला दाखवू देऊ नकोस. जावईबापूंना सांगून ती लवकर तिथून हलव.

तुझा काका


सुदामा नगर, इंदूर
१४ ऑक्टोबर १९९७

चि. श्रीपादास दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचून महिना होऊन गेला. उत्तराला उशीर झाला म्हणून काळजीत असशील. गाडीतच दोष होता असं तू लिहिलंस, ते मी ठेवून घेतलं.

पत्र आल्यावर काही दिवस मी सकाळी वायर जोडून त्या गाडीत नुसता बसत असे. काचेमागचा दिवा विझेपर्यंत बसायचं, मग किल्ली फिरवायची. रोज सुरू व्हायची. मग बंद करून उतरायचं आणि आत येऊन चहा करायचा. आता ते संपलं. जावईबापू येऊन गाडी घेऊन गेले. निवेदिता सोबत होती, माझ्याशी फार जपून बोलत होती. तूही फार जपून लिहितोस. तुम्हा दोघांनाही सरलाने वाढवलं आहे, ते दिसतं.

मला आता काही विचारायचं नाही. वाद मी जिंकलो असं तू लिहिलंस, तर माझं शेवटचं म्हणणंही ऐकून घे. तुझी गाडी चांगली होती. हिला तिच्यात कधी एक धक्का बसला नाही आणि पाच महिने ती राणीसारखी हिंडली. हे तुझ्यामुळे झालं. हे मी कुणालाही सांगेन, तूही स्वतःला सांगत जा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पंढरीनाथबरोबर बेटम्याला गेलो आणि ढवळी परत आणली. व्यापाऱ्याने एका शब्दाने आढेवेढे घेतले नाहीत. येताना धारच्या रस्त्यावर एकदा बंद पडली, मग पंढरीनाथने आणि मी ढकलली. यंदा आपल्याकडे सण नाही, म्हणून पूजा केली नाही, नुसती धुतली. हिने लावलेलं हळदकुंकू बॉनेटच्या फटीत थोडं राहिलं आहे, तेवढं तसंच ठेवलं.

रोज संध्याकाळी ढवळीचं तोंड रस्त्याकडे करून लावतो. गल्लीत कुणाला लागली तर असावी. बॅटरीची वायर मात्र आता काढत नाही.

दिवाळीला ये. सण नसला तरी ये. तुझ्यावर माझा जेवढा लोभ होता तेवढाच आहे, त्यात काडीइतकंही कमी झालेलं नाही.

तुझा
दादा