शिल्लक पाच बटणं

३ तारीख, सोमवार
भाषेच्या क्लासला नाव घातलं. महिनाअखेरीस मुलाचे होणारे सासू-सासरे पहिल्यांदा घरी येणार. त्यांना मराठी येत नाही. मुलाला ठणकावून सांगितलं, मध्ये दुभाषा नको, व्याह्यांशी मी स्वतः बोलणार. तीस वर्षं गोदामात सुपरवायझर होतो. चार वाक्यांचं काय एवढं! हीसुद्धा येते म्हणाली. येऊ दे, तेवढीच सोबत.

५ तारीख, बुधवार
चौघांचा ग्रुप. मी, ही, एक बेकरीवाला, एक नर्सबाई. मॅडमनी प्रत्येकाला पाच बटणं देऊन नियम सांगितला. तेव्हा मी बेकरीवाल्याला पंख्याखाली जागा करून देत होतो, पण नुसतं बघून कळलं. नव्या भाषेत बोललं की एक बटण डब्यात जातं.
विषय : आपला दिवस. मी कामं वाटून दिली, घड्याळ लावलं, कोणी काय बोलायचं ते मराठीत समजावलं. तास संपला तेव्हा तिघांची बटणं संपलेली. माझी पाचच्या पाच. पहिल्याच दिवशी पहिला नंबर.

१२ तारीख, बुधवार
पुन्हा पाच शिल्लक. नर्सबाई फार अडखळते, म्हणून तिचं वाक्य मीच मराठीत पूर्ण करतो. बेकरीवाला चुकला की लगेच टोकतो. हल्ली तो माझ्याकडे पाठ करून बोलतो. एकाग्रता वाढलीय.
मॅडम म्हणाल्या, काका, ग्रुप छान सांभाळता, आता थोडं बोलाही. कौतुक झालं.

१९ तारीख, बुधवार
ही स्वयंपाक करताना कुकरशी बोलते. चुकाच चुका. मी सांगितलं, वाक्य आधी मनात पक्कं करावं. माझी मनात दोनशेएक तयार आहेत. उद्यापासून रोज पाच मोठ्याने म्हणणार.

२० तारीख
घसा बसल्यासारखा वाटतोय. विश्रांती.

२६ तारीख, बुधवार
शेवटचा तास. मॅडमनी मला ग्रुपमधून उठवून खिडकीपाशी एकट्याला बसवलं. देखरेखीसाठी असणार. तिघं नुसती हसत, बडबडत होती. शिस्त कशी ती नाही. जाताना मॅडम म्हणाल्या, तुमची बटणं तुम्हीच ठेवा. घरी फ्रिजवर मांडून ठेवलीत.

३० तारीख, रविवार
व्याही आले. काहीतरी म्हणाले, मी मान डोलावली. पुन्हा तेच म्हणाले, पुन्हा डोलावली. दोनशेपैकी एक वाक्य तोंडात येईना. शेवटी मुलगा मध्ये येऊन बसला. लाज वाटली.
ही विहीणबाईंशी बोलत होती. एक वाक्य धड नव्हतं, पण विहीणबाई हिचा हात सोडायला तयार नव्हत्या.
स्वयंपाकघरात हिला विचारलं, तुला कसं जमतं? हिने फ्रिजवरची बटणं माझ्या हातात ठेवली.
"ही राखायची नव्हती, संपवायची होती. पहिल्याच दिवशी सांगणार होते. पण तुम्ही बोलू कुठे देता?"
बाहेर आलो. मुलाला उठवून त्याच्या जागी बसलो. व्याह्यांसमोर एक बटण ठेवलं आणि त्यांच्या भाषेत म्हणालो, मी सकाळी सहाला उठतो. तेव्हा दुपारचे चार वाजले होते.
व्याह्यांनी बटणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ते सातला उठतात, एवढं मला कळलं.
खिशात चार उरली आहेत. व्याही मंगळवारपर्यंत आहेत.