खातेदाराचा चेहरा

२० ऑगस्ट, बुधवार

परत तेच! ‘आपली विनंती तपासली जात आहे.’ कधीपासून तपासतायत मेले! पैसे घेताना काही तपासलं नव्हतं. बटण दाबलं की गेले. काढायची वेळ आली की हजार नखरे.

जिंकलेय मी. इथे तरी लिहून ठेवते, दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. त्या कॅसिनोच्या साइटवर एक विमान वर वर जातं, ते नाहीसं व्हायच्या आत आपण आपले पैसे सोडवायचे. मी सोडवले! मम्मीजींचे टाकले होते ते सगळे, आणि वर तेवढेच. पण बाहेर येतील तर शपथ.

मम्मीजी म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं बँकेचं सगळं मीच बघते. माझ्या खात्याचे मेसेज तरुणच्या मोबाईलवर जातात — नवऱ्याला काय सांगणार? म्हणून साइटवर खातंही त्यांच्याच नावाने उघडलं. प्यारीबाई. आधार, पॅन, सगळं त्यांचं. तेव्हा काय हुशार वाटले होते मी मला!

आज पर्युषण लागलं. मम्मीजींनी अठाई धरलीय — आठ दिवस नुसतं उकळलेलं पाणी. वर मौन. वर मोबाईलला हातसुद्धा लावायचा नाही.

२१ ऑगस्ट

चॅटवर कुणी ‘रिया’ असते. ‘प्रिय प्यारीबाई, आम्ही तुमची अडचण समजू शकतो.’ डोंबल समजते हिला! काहीही विचारा, तेच वाक्य.

दुकानात लक्ष लागेना. डोंगरातल्या जीपा आल्या होत्या, हंड्या-पातेल्यांना ही गर्दी. आमच्याकडे कामाला असते ती तुळशीबाई शेवटी ओरडली — “वहिनी, तुमनं ध्यान कोठे शे? गिऱ्हाईक उभं शे!” मी कळशीच्या भावात हंडा देऊन बसले होते.

२२ ऑगस्ट

उत्तर आलं! ‘खातेदाराने कॅमेऱ्याकडे बघून पडद्यावरचे आकडे मोठ्याने म्हणावेत.’

मोठ्याने! मौन धरलेल्या बाईने!

२३ ऑगस्ट

करू नये ते केलं. मम्मीजी डोळे मिटून सामायिकाला, म्हणजे रोजच्या ध्यानाला, बसल्या होत्या. वाटलं, चेहरा त्यांचा घेऊ, आकडे आपण बारीक आवाजात म्हणू. मोबाईल त्यांच्यासमोर धरला तर पडद्यावर आलं — ‘कृपया डोळे उघडा.’ आणि त्यांनी खरंच उघडले! कशाने कोण जाणे. माझ्याकडे बघून हसल्या. घरच्या ग्रुपवर टाकायला फोटो काढतेय असं वाटलं असणार. फार लाज वाटली. मोबाईल तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला.

जेवणाआधी परत काढला.

उद्या आमच्या मंदिरात, देरासरात, बोली. महावीरांचा पाळणा एका रात्रीसाठी ज्याच्या घरी येतो, त्याने ती बोली जिंकलेली असते. मम्मीजींना तो पाळणा या घरात बघायचाय. त्यासाठीच तर जमवत होत्या किती वर्षं, पापड लाटून, साड्या विकून. तेच पैसे मी विमानात बसवले! आणि उद्या त्यांच्या वतीने बोली बोलायची कुणी? मीच. मौनाआधीच त्यांनी मला, सुनेला, सांगून ठेवलंय — “जमलं तर घे बींदणी, नाहीतर हात जोडून उठ.”

मी हात जोडणार. ठरलं. पहिल्याच फेरीत.

२४ ऑगस्ट, रविवार

पाळणा घरी आला.

काय झालं मला! बोली तुपाच्या मणात चालते, पैशांचा हिशोब नंतर. मण मण म्हणत गेलं की पैसे वाटतच नाहीत. एकदाच बोलून बसणार होते. तर सोनेवाले माणकचंदजी वर गेले. मी त्यांच्या वर. परत ते. कानशिलं तापली, तळहाताला घाम, अगदी विमान वर जाताना होतं तसं! मम्मीजींनी मागून पदर ओढला. दोनदा. मी सोडवून घेतला. माणकचंदजींनीच हात जोडले शेवटी. सगळं देरासर जयजयकार करत होतं आणि मला हसू आवरत नव्हतं.

आता पाळणा दिवाणखान्यात आहे. बाया गाणी म्हणतायत. चार दिवसांच्या उपाशी मम्मीजी दोरी धरून बसल्यात, डोळ्यांतून धार लागलीय. तरुण सगळ्यांना सरबत देत फिरतोय, एका शब्दाने रागावला नाही. मी मात्र स्वयंपाकघरात लपून परत रियाला मेसेज करतेय.

२५ ऑगस्ट

रिया — ‘आम्ही तुमची अडचण समजू शकतो.’

२७ ऑगस्ट

संवत्सरी, पर्युषणाचा शेवटचा दिवस. दिवसभर घरात पाय टिकला नाही. बोलीचे पैसे आठवड्यात भरायचे, ट्रस्टी सांगून गेले. सगळे पुण्य मोजतायत आणि मी वाट बघतेय ती मम्मीजींच्या आवाजाची.

२८ ऑगस्ट

पारणं झालं. मुगाचं पाणी दोन घोट घेतलं आणि पहिला शब्द काय — “बींदणी, उपास मी केले, सुकलीस तू!”

रडूच आलं. तरी दुपारी मोबाईल नेलाच पुढे. “मम्मीजी, बँकेचं आहे, हे आकडे म्हणा.” काही विचारलं नाही त्यांनी. पदर नीट केला, कॅमेऱ्यात बघितलं, शाळेतल्या मुलीसारखे एकेक करून म्हणाल्या. हिरवी खूण आली! सुटले! दोन ताटं जेवले मी आज.

२९ ऑगस्ट

‘प्रिय प्यारीबाई, आपल्या आधारवर आमच्याकडे दोन वर्षांपासून आणखी एक खाते चालू आहे. एका व्यक्तीला एकच खाते. आपली शिल्लक जप्त करण्यात येत आहे.’ खाली त्या जुन्या खात्याचा मोबाईल नंबर, मधले आकडे झाकलेले. उरलेले पाठ आहेत मला. तरुणचा.

परवा संवत्सरीला हात जोडून एकमेकांची माफी मागितली, तेव्हा तो माझ्याकडे बघत नव्हता. मला वाटलं, मीच बघत नाहीये.