हवालदार घाट उतरतात

५ जानेवारी, रविवार

होडी बुडाली नाही. मीही नाही. आजच्यापुरतं एवढं पुष्कळ!

६ जानेवारी

कालचं नीट लिहितो. पेपरात लोकांवर तिरकं लिहिणं हा माझा धंदा. त्यावर प्रमोदिनी म्हणाली, "नुसती नावं काय ठेवता? कशाला तरी हात लावा की." बायकोला दाखवायचं म्हणून, जखमी होऊन परतलेल्या माजी सैनिकांना गंगाखेडला गोदावरीत फिरवून आणणाऱ्या मंडळात गेलो. मंडळ म्हणजे मी, नावाडी नागनाथ आणि एक बॅनर. बॅनर होडीपेक्षा लांब.

पहिल्याच फेरीत मंडळी हुद्द्याप्रमाणे बसली. सगळे मोठे साहेब एका बाजूला! होडी कलली. नागनाथ ओरडला, "सुभेदारसाहेब, वजनानं बसा हो, पदानं नका बसू!"

लान्सनायक गोपाळ यांचा डावा हात कोपरापासून नाही. टाळी वाजवायची झाली की शेजाऱ्याच्या हातावर वाजवतात. माझा तळवा अजून लाल आहे.

यादीतले फक्त हवालदार महारुद्र आले नाहीत. गोपाळ म्हणाले, "त्यो न्हाई यायचा. दवाखाना सोडला तर कित्येक वर्सं उंबरा वलांडला न्हाई त्यानं."

मग तर आणलंच पाहिजे.

९ जानेवारी

महारुद्रांच्या घरी गेलो. सुरुंगात दोन्ही पाय गुडघ्यापासून गेले. दंड मात्र माझ्या मांडीएवढे. घरात हातांवर सरकत फिरतात. हाक मारली तर बायकोच्या आधी दारात!

मी उत्साहात म्हणालो, "काही काळजी नको. चार माणसं लावतो. खुर्चीसकट उचलून अलगद होडीत."

महारुद्रांनी माझ्याकडे वळून बघितलं.

"चौघांनी उचलायचं ते एकदाच, साहेब. तेवढी घाई न्हाई मला."

चहा आला. मी तो घाईघाईत संपवला. जन्मभर जीभ चालवून खाल्लं, आणि ऐन वेळी हे असं!

निघताना त्यांची बायको, कस्तुराबाई, फाटकापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "आदी नदी पवून पल्याड जायचे हो. आता नदीकडची खिडकी उघडू देत न्हाईत."

१० जानेवारी

घाटावर लाकडी फळी टाकून चाकाची खुर्ची सोडायची, अशी माझी योजना. नागनाथनं उतार बघितला, मला बघितलं. "मानूस थेट नांदेडला जाईल, साहेब."

योजना रद्द.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगुळाचं निमित्त. गोपाळांना सोबत नेलं. त्यांनी घाव थेट घातला. "घरात सरकतूस, मग घाटावर काय धाड भरली?"

"घरात कोन बघतंय?"

"मंग मी बी सरकतो. बघू दे दोघांना."

महारुद्र हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. तिळगूळ मात्र दोनदा घेतला.

१९ जानेवारी, रविवार

आले! रिक्षातून आपल्या हातांवर उतरले. वरच्या पायरीवर बसले, तळवे टेकले — आणि खाली. शेजारी गोपाळ. पाय धडधाकट, तरी बसूनच! एका हातानं, वाकडेतिकडे, पायऱ्या बांधणाऱ्याचा उद्धार करत. ते बघून सुभेदारही बसले. मग मी काय उभा राहणार? नवा पांढरा लेंगा होता. होता.

निम्म्यावर पोचलो तर घाटावरच्या बायकांनी हात जोडले. एका आजींनी आमच्यापुढे तांब्यातलं पाणी ओतलं. दुसरीनं सरळ महारुद्रांच्या कपाळी कुंकू लावलं. बायकांना वाटलं, नवस फेडायलेत! लोटांगण सगळ्यांनी पाहिलेलं. हा प्रकार नवा.

पूर्णेहून आलेले एक गृहस्थ वाकून म्हणाले, "कुन्या देवाचा नवस, माउली?"

 आता आमचे हवालदार माघारी फिरणार आणि पुन्हा खिडकीसुद्धा उघडणार नाही!

महारुद्रांनी कपाळावरच्या कुंकवाला बोट लावून बघितलं. मग म्हणाले, "गंगामाईचा. लय दिवसाचा ऱ्हायला होता." आणि हसले. खदाखदा, पायरीवर थापा मारून.

"मावशी, मला बी लावा की कुंकू," गोपाळ ओरडले. "मी काय फुकट घासायलोय?"

नागनाथनं होडी पायरीला घट्ट दाबून धरली. महारुद्रांनी काठावर हात रोवले आणि एका हिसक्यात आत. मधोमध गेल्यावर म्हणाले, "वल्हं दे." नागनाथनं दिलं. परत काही मिळालं नाही! पुलाखालून वर, पुन्हा खाली, पुन्हा वर. सदरा घामानं चिंब. नागनाथ काकुळतीला आला — "हवालदारसाहेब, माजी रोजी कुटं घालवता?"

मी पूर्ण वेळ गप्प होतो. घरी सांगितलं तर प्रमोदिनीचा विश्वास बसला नाही.

आता हात दुखतायत. वर कसे आलो ते उद्या.

२० जानेवारी

वल्हं मारून महारुद्रांच्या हातांत जीव उरला नव्हता. पहिल्याच पायरीवरून घसरले. पुन्हा रेटा दिला, पुन्हा घसरले. कुणी पुढे होईना. मी तर मुळीच नाही.

त्यांनी वर, सगळ्या पायऱ्यांकडे बघितलं. म्हणाले, "उचला."

नागनाथ, रिक्षावाला, पूर्णेचे गृहस्थ आणि मी — धावलोच. त्यांनी एकेकाला मोजलं.

"चौघं न्हाई. एक जन कमी व्हा."

आणि माझ्याकडे बोट केलं.