अंधाऱ्या खोलीत माझा आवाज

७ फेब्रुवारी १९७३

माझ्या आवाजानं आज एक बाई मेली असती!

धनुर्वाताची खोली. खिडकीला काळं कापड — उजेड, धक्का, आवाज, कशानंही झटका येतो. नर्सिंगच्या पुस्तकातलं हे पान मला पाठ आहे. तरी खाटेवरची चांगुणा पाहिली — पाथर्डीकडची, दुष्काळी कामावर खडी फोडताना पाय चिरलेला, दातखीळ बसलेली — आणि रक्त तापलं. सभेत बोलावं तशी कडाडले, घाबरू नका मावशी, आम्ही तुम्हाला मरू देणार नाही!

तिची पाठ कमानीसारखी उचलली गेली. चेहरा निळा. दयासिस्टरनी सुई टोचली, मला दंडाला धरून बाहेर काढलं. "इथं टाळ्या पडत नाहीत," एवढंच म्हणाल्या.

८ फेब्रुवारी

वॉर्डात गेले, पण त्या खोलीचं दार उघडलं नाही.

१० फेब्रुवारी

पुन्हा तीच खोली. बदलून मागितली, सिस्टरनी दिली नाही. तिला हात लावण्याआधी त्या कानाशी वाकून पुटपुटतात — चांगुणा, कूस बदलते हं. मलाही तसंच करायला सांगितलं. शब्दच फुटेना! शेवगावच्या बाजारात भरसभेत दुष्काळावर बोलले आहे मी. आणि तिला तर औषधाची गुंगी. ऐकू काय येणार? मुक्यानंच नळीतून दूध घातलं. मुक्यानंच अंग पुसलं.

जेवताना माझ्याबरोबर शिकणाऱ्या मरियमनं टोमणा मारला, "आज मौनव्रत का, पुढारीणबाई?" सगळ्या हसल्या. ताट सरकवून उठले.

१४ फेब्रुवारी

व्हरांड्यात तिचा नवरा पुंजाराम बसून असतो. बोलती का, विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. घरी लई बडबड करती, म्हणाला, हसला — आणि टोपीनं डोळे पुसले.

दुपारी पुन्हा झटका. न सांगता तिचा पाय धरला होता मी. मेली तर?

२१ फेब्रुवारी

झटके कमी. मी मुकीच. तिचे डोळे खोलीभर माझ्यामागं फिरतात. भीती वाटते त्या डोळ्यांची.

४ मार्च

जबडा सैल झाला. पाण्याचा चमचा पुढं केला, तर तिनं तोंड फिरवलं. मग फार हळू म्हणाली —

"दयाबाई समदं सांगून करायच्या. तुमी एक सबूद बोलला न्हाई. मी काय केलतं, बाई, तुमचं?"